तारांचं घर

९ जानेवारी १९८९, सोमवार

आज घरात जाऊन आलो! पाया खणलेला नाही, विटेचा पत्ता नाही, प्लॉटवर बाभळी आणि कुणाच्या तरी म्हशी — आणि मी बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या अंगणात हिंडून आलो. खुर्चीवर बसून!

आमचे आर्किटेक्ट पांढरीपांडे साहेब, त्यांनी धरमपेठेतल्या ऑफिसात कम्प्युटर घेतला आहे. त्याच्यासाठी वेगळी काचेची खोली, एसी. चपला बाहेर काढायच्या. आत नीला नावाची मुलगी बसते, तीच तो चालवते. साहेब स्वतः हात लावत नाहीत. मला वाटतं घाबरतात.

काळा पडदा, त्यावर हिरव्या रेघा. आधी वरून दिसतो तसा नेहमीचा नकाशा. मग तिनं बटणं दाबली आणि रेघा उठून उभ्या राहिल्या! ‘थ्री-डी आहे काका,’ ती म्हणाली. ‘लांबी, रुंदी झाली, आता उंचीपण. चला, दारातून आत जाऊ.’ गेलो! आम्ही जागेवर, घर फिरतंय. भिंतींना फक्त कडा, मधे काही नाही. आरपार दिसतं. सगळा तारांचा सांगाडा.

जन्मभर तार ऑफिसात कट्ट-कडकट्ट करून लोकांच्या घरी जन्ममरण पोचवलं. रिटायर झाल्यावर घरही तारांचंच मिळालं. योग असतो एकेकाचा.

एक पाऊल पुढे टाकायचं तर मशीन सगळ्या रेघा पुन्हा काढतं. तोवर चहा पिऊन होतो. माझ्या गुडघ्यांना हीच चाल मानवते.

१० जानेवारी

जिजाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आरपार दिसते म्हणता, मंग लुगडं कोठी बदलायचं?’

या बाईपुढे विज्ञान सांगण्यात अर्थ नाही. चल बघायला म्हटलं, तर म्हणे, ‘तुमचं घर, तुमी पाहा.’

१४ जानेवारी, संक्रांत

निजायच्या खोलीत होतो, तेवढ्यात लाइट गेली. अख्खं घर गेलं! माझ्या तोंडून ‘अरे!’ निघालं ते बाहेर साहेबांना ऐकू गेलं. नीला म्हणाली, ‘सेव्ह केलं होतं काका, आहे घर.’ आणि एक काळी चौकोनी चकती दाखवली. पापडाएवढी. यात चार खोल्या आणि गच्चीचा जिना!

लाइट आल्यावर कम्प्युटरपुढे तिळगूळ ठेवला. नीलानं उचलून खाल्ला. मुंग्या होतात म्हणे.

१९ जानेवारी

शेजारच्या नत्थूजीला नेलं. नत्थूजी जंगलखात्यात गार्ड होता, वाघ पाहिलेला माणूस. खुर्चीवर बसला, नीलानं दार उघडलं, आणि याने मान खाली घातली! चौकट डोक्याला लागेल म्हणून!

‘बापा! चंपतराव, हे तं कोंबड्याचं खुराडं दिसून राह्यलं.’

‘थ्री-डी आहे, नत्थूजी.’

‘असन गा. पण पाऊस आला तं?’

परत येताना गोकुळपेठ आल्यावर म्हणाला, ‘खोल्या तं चारच हायेत. तारा माहेरपणाले आली तं कोठी झोपवसान?’

मी पानठेल्याकडे वळलो. त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, ‘चुकून बोललो गा.’

२० जानेवारी

लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल. तारा माझी एकुलती एक. चार वर्षांपूर्वी तिनं जरीपटक्याच्या जयकिशनशी लग्न केलं. रजिस्टर. सिंधी मुलगा, बापाची बेकरी. मी म्हणालो होतो, या दारात पाऊल ठेवायचं नाही. तीही माझीच मुलगी — ठेवलं नाही! नागपुरातल्या नागपुरात राहते. एकदा सीताबर्डीवर लांबून दिसली, मी भांड्यांच्या दुकानात शिरलो. उगाच एक झारा घ्यावा लागला.

विषय संपला.

२४ जानेवारी

जयताळ्याला प्लॉटवर गेलो. म्हटलं कम्प्युटरात पाहिलेलं घर प्रत्यक्ष जागेवर चालून पाहावं. बरोबर बैठकीतून शिरलो, डावीकडे वळलो, स्वयंपाकघरात म्हैस बसलेली! ‘हट् हट्, ऊठ इथून, ओटा आहे इथं!’ म्हणून मी ओरडलो. म्हैस उठली नाही. तिचा मालक बाभळीखाली बसून बघत होता. मग मी वळसा घालून बाहेर पडलो. दारातूनच. भिंतीतून जाणं बरं दिसलं नसतं.

तो मालक अजून विचार करत असेल.

२७ जानेवारी

नवल! संध्याकाळी नेहमीप्रमाणे गेलो, तर स्वयंपाकघरात पूर्वेला खिडकी! काल नव्हती. मी सांगितली नव्हती. साहेबांना विचारलं, त्यांनी खांदे उडवले. नीलाला विचारलं, ती पडद्याकडे बघत म्हणाली, ‘असं होते कधी कधी काका.’

‘म्हणजे कम्प्युटरनं आपल्या मनानं काढली?’

नीला खोकली. एसीचा त्रास होतो तिला.

३१ जानेवारी

खिडकी बुजवायला लावली. धूर जायला झरोका पुरतो.

१ फेब्रुवारी

खिडकी परत! शिवाय ओटा दोन इंच खाली आला आहे. नत्थूजीला सांगितलं तर म्हणाला, लिंबू-मिरची बांधा.

मला मात्र वेगळंच वाटतं. या यंत्राला बुद्धी आहे. जिजाची उंची बेताची, ओटा उंच पडला असता. हे मला सुचलं नाही, साहेबांना सुचलं नाही. त्याला सुचलं! खिडकी राहू दिली. जाताना पडद्याला हळूच ‘ठीक आहे’ म्हणालो.

५ फेब्रुवारी, रविवार

जिजानं भजनी मंडळ सुरू केलं आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी जाते. बरं आहे, तिला बदल. चेहराही उजळला आहे. येताना नानकटाई आणते. काय सुरेख नानकटाई! तोंडात टाकली की गेली. कुठून आणतेस विचारलं तर म्हणे बाजारातून. मी तर अख्ख्या बाजारात अशी पाहिली नाही.

घराबद्दलही आता विचारते. मी संध्याकाळी आलो की दारातच, ‘पाह्यलं काय तारांचं घर?’ कसं विचारते! हळूहळू विज्ञान पटतं माणसाला.

९ फेब्रुवारी

कम्प्युटर हाताबाहेर चालला आहे. माझी वाचायची खोली निम्मी केली! मधे भिंत घातली, पलीकडे आणखी एक खोली काढली. विचारलं नाही, सवरलं नाही. आणि त्या खोलीला खिडकी कुठे? जमिनीपासून दीड फुटावर! माझ्या गुडघ्याशी! कोण बघणार त्यातून? मांजर?

नीलाला जाब विचारला. ती म्हणाली, ‘हवा छान येते काका खालून.’

‘हे तू सांगतेस की तो?’

‘तो,’ म्हणाली.

मी पडद्याला स्पष्ट सांगितलं — तुझ्या हुशारीबद्दल मला आदर आहे, पण घर माझं आहे. साहेबांनी काचेतून आत पाहिलं आणि परत आपल्या टेबलाशी गेले.

१५ फेब्रुवारी

रिकामं घर खायला उठतं. नीलाला म्हटलं, यात एखादा माणूस टाकता येईल? तिनं टाकला. गोल डोकं, पाच रेघा. बैठकीत आरामखुर्चीवर बसवला. ‘हे तुम्ही, काका.’

पोट थोडं दाखवायला हवं होतं. पण छान वाटलं. नंतर त्याच्याकडे बघत राहिलो. एवढ्या मोठ्या घरात एकटाच बसला आहे.

१७ फेब्रुवारी

माझ्या शेजारी आज कुणीतरी आहे! आरामखुर्चीच्या हाताएवढी. गोल डोकं, पाच रेघा, आणि डोक्याला दोन बारक्या रेघा — वेण्या!

‘हे काय गं?’

‘माप कळावं म्हणून ठेवतात, काका.’

मापाला वेण्या कशाला?

१८ फेब्रुवारी

आज त्या बुटक्या खिडकीशी उभी होती. बरोबर उंचीची. खिडकी तिच्यासाठीच आहे, हे लक्षात आलं. कम्प्युटरनं आधी खिडकी काढली, मग माणूस. आपण उलट करतो.

नीला म्हणाली, कालच सकाळी इथे ठेवली होती, तुम्हाला दिसली नाही. मग बैठकीत कशी होती? नीला खोकली. दिवसभरात हलते वाटतं.

२१ फेब्रुवारी

जिन्यात.

२२ फेब्रुवारी

अजून जिन्यातच. म्हटलं दमली असेल.

२४ फेब्रुवारी

ओट्यावर चढून बसली आहे! पडेल! नीलाला खाली उतरवायला लावलं.

२६ फेब्रुवारी, रविवार

ऑफिस बंद. करमेना. दोनदा धरमपेठेपर्यंत जाऊन कुलूप बघून आलो. जिजा म्हणाली, ‘काय हरवलं तुमचं तिकडे?’

काही नाही म्हटलं. एका रेघेची आठवण येते असं बायकोला कसं सांगणार?

३ मार्च, शुक्रवार

साहेबांचा निरोप आला, संध्याकाळी एसीवाला येणार, तेव्हा आज सकाळीच या. गेलो.

काचेच्या खोलीबाहेर चपला होत्या. एक जोडी जिजाची! डाव्या चपलेला मीच खिळा मारलेला, ओळखणार नाही का? म्हटलं ही इथं? भजन इथं चालतं? तिच्या शेजारी निळ्या सँडल. आणि त्यांच्या शेजारी लाल बूट — माझ्या तळहाताएवढे. एक उलटा पडलेला.

काचेतून पाहिलं. पाठमोऱ्या होत्या. जिजा पडद्याला बोट लावून नीलाला काहीतरी सांगत होती, जसं काही जन्मभर कम्प्युटरवरच बसली आहे. तिच्या मागे तारा. अंगानं भरली आहे. तशीच उभी राहते अजून, एका पायावर भार टाकून. आणि नीलाच्या मांडीवर दोन वेण्या. त्या वेण्यांच्या हातात नीलाचा उंदीर — म्हणजे ते हातात धरून फिरवायचं यंत्र — आणि पडद्यावर ती छोटी रेघ घरभर पळत होती. बैठकीत आली. आरामखुर्चीतल्या माणसाशी थांबली.

‘इथं ठेवू?’ असं नीलानं विचारलं असावं. वेण्या हलल्या. हो म्हणून.

मी आत गेलो नाही. तो उलटा बूट सुलटा केला आणि निघून आलो.

त्याच दिवशी, दुपारी

जिजा आली. नानकटाई आणली. ‘भजन झालं?’ विचारलं. ‘झालं,’ म्हणाली. मी नानकटाई हातात धरून बघत बसलो. बेकरी! चार आठवडे त्याच बेकरीचा माल चापतो आहे आणि वर आणखी आण म्हणतो आहे!

खाल्ली. टाकून काय करणार?

मला नात आहे. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं. आता राहू देतो.

५ मार्च

नत्थूजीला सांगितलं. तो म्हणाला, ‘मले माईत होतं.’

‘काय माहीत होतं?’

‘पोट्टी झाली ते. समद्या गोकुळपेठेले माईत हाये. तुमी नाव काढू देत नाई, तं तुमाले कोन सांगन?’

चाळीस वर्षं गावाच्या तारा मी पोचवल्या! आणि माझ्या घरची एवढी तार मलाच पोचली नाही!

७ मार्च, मंगळवार

आज ठरवून गेलो. सकाळी. जिजा भजनाला निघाल्यावर अर्ध्या तासानं. बाहेर तेच तीन जोड. माझा चौथा ठेवला आणि काच ढकलली.

सगळ्या वळल्या. नीला तेवढी खोकली. मग ती लहानी मांडीवरून उतरली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवले. जिजा ठेवते तसे! म्हणाली,

‘तुम कौन? हे आमचं घर हाय!’

काय सांगणार? पडद्यावर बोट दाखवलं. ‘तो खुर्चीत बसलाय ना, तो मी.’

तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं. ‘नाई,’ म्हणाली. ‘तो बारीक आहे.’

नाव कंचन. हे जिजानं सांगितलं, ताराने नाही. तारा पडद्यावरच्या बुटक्या खिडकीकडे बघत होती. काहीतरी बोलायला हवं होतं. चार वर्षं मनात जमवलेलं भाषण होतं माझ्याकडे, आणि तोंडातून निघालं काय? —

‘ती खिडकी फार खाली आहे.’

‘तिच्या उंचीची आहे,’ तारा म्हणाली.

‘हो. ते लक्षात आलं माझ्या.’

आणि लाइट गेली! मार्च लागला की हे रोजचंच. खोलीला खिडकी नाही, आणि रेघा नीट दिसाव्यात म्हणून नीलानं आज काचेवरही जाड कापड ओढलेलं. गुडुप अंधार. एसी थांबला. कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. आणि एक हात माझ्या हातात आला. मी घट्ट धरला. अंधारात बोलणं सोपं जातं. म्हणालो, ‘माझंही थोडं चुकलं असेल. तू घरी ये.’

लाइट आली. हात पांढरीपांडे साहेबांचा होता! स्टॅबिलायझर बंद करायला चाचपडत आत आले होते.

‘काही हरकत नाही, चंपतराव,’ साहेब म्हणाले. हात सोडवून घेतला आणि गेले.

ताराने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. रडते की काय, म्हणून मी रुमाल काढला. हसत होती! मग जिजा हसली, नीला हसली, आणि कंचन तर का हसायचं ते न कळताच सगळ्यांत मोठ्यानं. मीही हसलो. थोडा उशिरा.

नंतर ताराने लेकीला बूट घातले. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘थोडं चुकलं काय?’

८ मार्च

काल रात्री जेवताना जिजाला म्हटलं, मला सांगितलं असतंस तर? तिनं वाढायचं थांबवलं. एवढं तिला एका दमात बोलताना मी लग्नापासून ऐकलं नाही.

‘काय सांगतलं असतं? चार वर्सं मी आयकून राह्यली, आता तुमी आयका. प्लॉट माह्या भावानं माह्या नावावर घेऊन देल्ला. त्याच्यावर घर होईन तं ताराची खोली होईन. पोट्टीची खिडकी होईन. माहा ओटा माह्या हाताशी येईन. तुमाले जमत असन तं तुमी या. नसन जमत तं तुमी राहा इथी गोकुळपेठेत. मी डबा पाठवीन.’

‘तू कम्प्युटरवर कधी शिकलीस हे सगळं?’

‘त्यात का शिकाचं? मले काय पाह्यजे ते मले माईत होतं. पोरगी रेघ मारे.’

मग मला एकदम आठवलं. म्हटलं, ‘रोज दारात विचारत होतीस ते — तारांचं घर पाह्यलं काय —’

‘तारांचं नाई,’ ती म्हणाली. ‘ताराचं.’

जन्मभर दुसऱ्याच्या तारेतलं अक्षर अक्षर बरोबर टिपलं. बायकोचा शब्द रोज चुकीचा टिपत होतो!

डब्यात वरणाला फोडणी असेल का, विचारलं. हसली नाही. पण वाढलं.

१० मार्च, शुक्रवार

पुन्हा गेलो. कंचननं मला चालवायला दिलं. मी पडद्यावरच्या छोट्या रेघेला हाकत भिंतीतून नेलं तर रागावली. ‘दारातून जायचं!’ तिच्या घरात शिस्त आहे.

ताराला म्हटलं, घर पुरं व्हायला वर्ष लागेल. तोवर गोकुळपेठेत ये. जावयालाही घेऊन ये. मी काही म्हणणार नाही.

ताराने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, ‘बाबा, मले घर आहे. जरीपटक्याले. चार वर्सांपासून आहे. तुमी पाह्यलं काय ते? पह्यले तुमी माह्या घरी या. जेवाले या. मंग पाहू, मी तुमच्या कम्प्युटरात येतो का नाई ते.’

मी दार उघडून धरून बसलो होतो, कुणीतरी आत येईल म्हणून. दार माझ्या बाजूनं नव्हतंच!

रविवारी जायचं आहे.

११ मार्च

काय घालावं? सफारी काढली. निरोपसमारंभाची आहे. बटण लागत नाही. जिजा म्हणाली, उन्हाचं सफारी घालून कोनी जाते काय? मग धोतर. जिजा म्हणाली, लग्न लावाले जाऊन राह्यले काय? शेवटी पांढरा सदरा. संत्री घेतली. जयकिशनला काय म्हणायचं? जावईबापू? तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. नत्थूजी दारातून म्हणाला, ‘कोनाशी बोलून राह्यले?’

१२ मार्च, रविवार

जाऊन आलो. बेकरीच्या मागे दोन खोल्या, भट्टीची ऊब, सगळीकडे नानकटाईचा वास. जयकिशन पाया पडला. जावईबापू म्हणायचं राहूनच गेलं, घाईत ‘साहेब’ म्हणालो.

ताराची सासू खाटेवर बसलेली. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, हे मला माहीत नव्हतं. म्हणाली, ‘भाईसाहब, सब लोग वो घर देखके आते हैं. कंचन तो दिन-रात वही बोलती है. मुझे भी दिखाओ.’

कसं दाखवणार? तिचा हात धरला, कंचननं दुसरा धरला, आणि मी बसल्या बसल्या सांगत गेलो. ये दरवाजा. ये बैठक. दो पायरी चढो. इधर खिड़की, नीचे, बच्ची की. ती मान हलवत माझ्याबरोबर चालत होती. भराभर. रेघा पुन्हा काढायला थांबावं लागलं नाही. सगळं पाहून झाल्यावर विचारलं, ‘और इसमें मेरी खाट कहाँ है?’

तारा माझ्याकडे बघत होती.

‘अंदर आते ही,’ मी म्हणालो. ‘दाएँ हाथ को.’

येताना रिक्षात जिजानं पदर सावरला. मग म्हणाली, ‘अजी, उजव्या हाताले संडास हाये.’

उद्या नीलाला सांगून संडास हलवतो.